ऐन उमेदीत अंगावरून वारं

बीडकडच्या गावांत कुणाला पक्षाघात झाला की जुनी माणसं म्हणतात, ‘अंगावरून वारं गेलं.’ सगळं काही क्षणांत होऊन जातं आणि काय झालं ते दिसत नाही, म्हणून हा शब्द रुजला असणार. पण त्यानं एक मोठं नुकसान केलं आहे. वारं अंगावरून गेलं म्हटलं की इलाजही अंगावरच होतो. हात लुळा पडला म्हणून हाताला तेल चोळायचं, पाय ओढतोय म्हणून पायाला शेक द्यायचा, कुणी सांगितलं तर कबुतराच्या रक्तानं मालिश करायची, नाहीतर लकव्याचं औषध देणाऱ्या एखाद्या गावाला जीप करून जायचं. बिघाड झालेला असतो डोक्यात. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीनं बंद होते किंवा फुटते, आणि त्या भागातल्या पेशी मरायला लागतात. मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. तेलाची वाटी गरम होईपर्यंत कोट्यवधी पेशी गेलेल्या असतात.

अलीकडे ‘स्ट्रोक’ हा शब्दही गावात पोचला आहे, पण तो उन्हाळ्यातल्या उष्माघाताच्या बातम्यांमधून. त्यामुळे स्ट्रोक म्हणजे ऊन लागणं असा समज अनेकांचा आहे. या लेखात स्ट्रोक म्हणजे मेंदूचा झटका, पक्षाघात, लकवा. आणि तोही साठी-सत्तरीतल्या माणसांचा नव्हे. पंचेचाळीस, फार तर पन्नास वर्षांच्या आतली, कमावती, लेकुरवाळी माणसं यात किती सापडतात, का सापडतात, आणि बीडसारख्या जिल्ह्यात त्यांच्या वाट्याला काय येतं, याचा हा आढावा आहे.

तरुणांमध्ये हा आजार वाढतोय का, याचं उत्तर जिथे नोंदी काटेकोर आहेत तिथे आधी पाहावं. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या परिसरात वर्षानुवर्षं एकाच लोकसंख्येतल्या प्रत्येक झटक्याची नोंद ठेवली जाते. त्या अभ्यासाचे २०२२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष धक्कादायक होते. २००२ ते २०१० आणि २०१० ते २०१८ या दोन कालखंडांची तुलना केली तेव्हा ५५ वर्षांपुढच्या लोकांत पक्षाघाताचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलेलं होतं, आणि ५५ च्या आतल्यांत ६७ टक्क्यांनी वाढलेलं. अमेरिकेतही गेल्या दशकात १८ ते ४४ या वयोगटात पक्षाघात होऊन गेलेल्यांचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं. जगभरची बेरीज पाहिली तर दर वर्षी होणाऱ्या झटक्यांपैकी सुमारे १६ टक्के १५ ते ४९ या वयात होतात. म्हातारपणाचा म्हणून ओळखला जाणारा आजार खाली सरकतो आहे, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. प्रवीण दलाल यांनी पश्चिम-मध्य भारतातल्या तरुणांच्या पक्षाघातावर १९७० च्या दशकातच लिहिलं होतं. पुढे त्यांच्याच पुढाकारानं २००५-०६ मध्ये मुंबईत वस्तीनिहाय नोंदणी झाली. त्या नोंदणीतलं प्रमाण वर्षाला लाखामागे १४५ होतं, आणि झटका आलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के माणसं २८ दिवसांत गेली होती. झटका आलेल्यांचं सरासरी वय मात्र ६६ होतं. तिरुवनंतपुरमच्या नोंदणीतही चाळिशीच्या आतले जेमतेम ४ टक्के निघाले. आता रुग्णालयांचे आकडे पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदणीत देशभरातल्या ३० रुग्णालयांतले २०२० ते २०२२ या काळातले जवळपास ३५ हजार रुग्ण आहेत, आणि त्यांत सातातला एक ४५ च्या आतला आहे. एकीकडे ४ टक्के, दुसरीकडे १४ टक्के. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे, आणि या फरकातच आपल्या समाजाचा स्वभाव दिसतो. पंचाहत्तरीच्या आजोबांचं तोंड वाकडं झालं तर घरचे म्हणतात, वय झालं, आता कशाला हाल करायचे. बत्तिशीच्या मुलाला झालं तर सोनं गहाण टाकून, ढोरं विकून गाडी केली जाते. म्हणून रुग्णालयाच्या खाटेवर तरुण जास्त दिसतात आणि गावाच्या मृत्युनोंदीत म्हातारे. दाखल होणारे आणि मरणारे हे दोन वेगळे समूह आहेत. एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधला की फसगत होते. वर्तमानपत्रांत ‘तरुणांमध्ये लकव्याची लाट’ असे मथळे येतात तेव्हा ही गोष्ट बहुतेक वेळा विसरलेली असते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागापुरतं बोलायचं तर सगळ्यात भक्कम पुरावा बीडचा नाही, तो पार दुसऱ्या टोकाच्या गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या प्रत्येक मृत्यूमागे घरोघरी जाऊन चौकशी केली. मलेरिया आणि कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या जिल्ह्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं. सातातला एक मृत्यू त्यानं झाला होता. आणि असे मृत्यू आलेल्यांपैकी दहातले जवळपास नऊ जण घरीच गेले होते. कुठल्याही रुग्णालयाच्या कागदावर ते नव्हतेच. कुणीतरी दारोदार फिरून विचारलं नसतं तर आजही गडचिरोलीत हा आजार दुर्मिळ आहे असंच आपण म्हणत राहिलो असतो.

बीडसाठी हे असं दारोदार विचारणं फार गरजेचं आहे. वस्तीनिहाय पक्षाघात नोंदणीसाठी परिषदेनं निवडलेली पाच ठिकाणं कटक, वाराणसी, तिरुनेलवेली, कोटा आणि कछार ही आहेत. मराठवाडा त्यांत नाही. देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले मृत्यू २०२० साली २३ टक्क्यांच्याही आत होते. बाकीच्या मृत्यूंचं कारण घरच्यांनी सांगितलेलं किंवा गावानं ठरवलेलं. तरुण माणूस अचानक गेला की गाव एकच शब्द वापरतं, ‘अटॅक आला.’ मेंदूत रक्तस्राव होऊन दोन तासांत गेलेला माणूसही त्या शब्दाखाली हृदयविकाराचा म्हणून नोंदला जातो. ज्याची गणतीच होत नाही त्यासाठी औषध मागवलं जात नाही, डॉक्टरचं पद भरलं जात नाही.

आता कारणांकडे. जगातल्या ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासानं दाखवलं की दहा बदलता येण्याजोग्या कारणांत पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका सामावलेला आहे. भारतही त्या अभ्यासात होता. दहांत सगळ्यांत वर रक्तदाब. परिषदेच्या रुग्णालय नोंदणीतही चारांतल्या तिघांना उच्च रक्तदाब होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात सुमारे १९ कोटी प्रौढांना उच्च रक्तदाब आहे आणि त्यांपैकी केवळ १५ टक्क्यांचा आटोक्यात आहे. हा आजार दुखत नाही. चाळिशीच्या आतला अंगमेहनत करणारा माणूस, पोट सुटलेलं नाही, दिवसभर मोळ्या वाहतो, त्याला बीपी असेल असं त्यालाही वाटत नाही आणि डॉक्टरलाही. अंगमेहनतीनं रक्तदाबापासून थोडं संरक्षण मिळतं हे खरं. पण ठेच्यातलं, लोणच्यातलं, वरून घेतलेलं मीठ, रात्रीची दारू, अपुरी झोप आणि दुखणाऱ्या पाठीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हे सगळं दुसऱ्या पारड्यात पडतं. या गोळ्यांनी रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडावरही ताण येतो, हे दुकानातून चार गोळ्या घेणाऱ्याला कुणी सांगत नाही.

मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा पक्षाघात आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त प्रमाणात दिसतो, आणि त्यामागे मोठा हात या न मोजलेल्या रक्तदाबाचा आहे. पंचविशी-तिशीतल्या मुलाचा रक्तदाब २०० च्या वर निघाला तर शोधायला हवं ते मूत्रपिंडात, मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत, अंतःस्रावी ग्रंथींत. पण शोधायचं तर आधी मोजायला हवं.

तंबाखूचं वेगळं सांगायला हवं, कारण बीडमध्ये ती धुरातून कमी आणि तोंडातून जास्त जाते. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखूचं सेवन करणारे निघाले. बहुतेक सगळे चघळणारे किंवा लावणारे, ओढणारे फारच थोडे. पुरुषांची मळलेली तंबाखू आणि गुटखा, बायकांची मिसरी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे प्रत्येक गावातल्या पोराला ठाऊक आहे. चघळायच्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे आता लोकांना कळलं आहे. तिनं जीवघेण्या पक्षाघाताचा धोकाही वाढतो, अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात सुमारे ४० टक्क्यांनी, हे मात्र पाकिटावरच्या चित्रात नाही. मिसरी लावणाऱ्या बाईला तर आपण तंबाखू घेतो असंच वाटत नाही. दात घासतो असं वाटतं.

तरुणांच्या पक्षाघाताची काही कारणं म्हाताऱ्यांत सहसा आढळत नाहीत. लहानपणी घसा दुखून सांधेवाताचा ताप आलेला असतो, हृदयाची झडप आकसते, हृदय अनियमित धडधडू लागतं, आत गुठळी होते आणि एक दिवस ती मेंदूत जाऊन अडकते. अशा झडपेचं निदान वेळेत झालं तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी, एवढ्यावर झटका टळू शकतो. मानेला हिसका बसून तिथल्या वाहिनीचं अस्तर फाटणं, क्षयाच्या मेंदुज्वरात वाहिन्या बंद होणं, रक्त गोठण्याचे जन्मजात दोष, ही आणखी काही कारणं. घोणस चावल्यानंतर रक्ताची गोठण बिघडून पक्षाघात झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्‌मयात आहेत. उसाच्या फडात हात घालणाऱ्यांच्या जिल्ह्यात ही ओळ वगळता येत नाही.

पण मला सगळ्यांत जास्त थांबावंसं वाटतं ते बायकांपाशी. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा असतात, त्यांत गुठळी झाली की होणारा आजार नेहमीच्या पक्षाघातापेक्षा वेगळा असतो आणि तो प्रामुख्यानं तरुण बायकांना होतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा त्याचा ठरलेला काळ. मदुराईच्या डॉ. के. श्रीनिवासन यांनी १९८० च्या दशकातच अशा रुग्णांची मोठी मालिका प्रसिद्ध केली होती, आणि तेव्हापासून भारतीय डॉक्टर या आजाराकडे आपला म्हणून पाहत आले आहेत. रक्तक्षय, अंगातलं पाणी कमी होणं, जंतुसंसर्ग ही त्याला पोषक माती. बाळंतिणीला पाणी कमी प्यायला द्यायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे. सुरुवात होते डोकेदुखीनं, चार-आठ दिवस वाढत जाणाऱ्या. मग उलट्या, अंधुक दिसणं, आणि फिट. ओली बाळंतीण फिट येऊन पडली की घरात पहिली शंका बाहेरच्याची येते, देवऋषी बोलावला जातो आणि दोन दिवस जातात. खरं तर हा पक्षाघातातला सगळ्यांत बरा होणारा प्रकार आहे. वेळेत रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू झालं तर बहुतेक बायका चालत घरी जातात.

याच आजाराची दुसरी वाट पाळी लांबवायच्या गोळ्यांतून जाते. गौरी-गणपती, नवरात्र, घरातलं लग्न आलं की मेडिकलमधून विनाचिठ्ठी गोळ्या आणल्या जातात. बहुतेकींना काही होत नाही. पण जिच्या रक्तात गोठण्याचा दोष आहे, जिला अर्धशिशी आहे, जी आधीच अशक्त आहे, तिच्यासाठी हा जुगार आहे. भारतीय डॉक्टरांनी सणासुदीनंतर असे रुग्ण येत असल्याचं पुन्हा पुन्हा नोंदवलं आहे. देवाला विटाळ होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीनं एखादीचा उजवा हात जावा, याचं दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

बीडच्या बायकांचं वय आणि शरीर यांचा हिशेब आणखी एका बाजूनं बिघडलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वर्षांच्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. राज्याचं प्रमाण याच्या निम्मं. म्हणजे बाळंतपणं लवकर, रक्तक्षय तिथूनच मुरलेला. आणि मग गर्भाशय काढून टाकण्याचा प्रश्न. २०१९ मध्ये हा विषय गाजल्यावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, त्यांतल्या पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या. गर्भाशय काढलं की पक्षाघात होतोच असं कुणी म्हणू नये. पण अंडाशयं काढली गेली किंवा शस्त्रक्रियेनंतर लवकर निकामी झाली, आणि चाळिशीच्या आत शरीरातलं इस्ट्रोजेन आटलं, तर पुढच्या वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघात या दोन्हींचा धोका वाढतो. हे मोठ्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. त्या तेरा हजार जणी आज कोणत्या वयात आहेत याचा विचार करावा. त्यांतल्या प्रत्येकीचा रक्तदाब वर्षातून दोनदा मोजला जायला हवा. ही मागणी त्या चर्चेत फारशी पुढे आलीच नाही. शस्त्रक्रिया कुणी केली यावर सगळा भर राहिला.

हंगामाचं गणित समजल्याशिवाय बीडमधल्या कुठल्याही आजाराचं गणित जमत नाही. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकात. मार्च-एप्रिलात परत येतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज इथल्या डोंगरपट्ट्यातली गावंच्या गावं त्या पाच-सहा महिन्यांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं यांच्यापुरती उरतात. आता आरोग्याची व्यवस्था पाहा. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन ३० वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरते, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतो, गोळ्या महिन्याच्या मिळतात. हे सगळं गावाला बांधलेलं आहे, आणि माणूस फडात आहे. जो गावात असताना तीस वर्षांचा नव्हता म्हणून राहून गेला, तो पुढच्या वर्षी गावात नव्हता म्हणून राहून गेला. ज्याला गोळ्या सुरू झाल्या त्याच्या गोळ्या नोव्हेंबरात संपल्या आणि कारखान्यावर त्याचं कार्ड कुणी ओळखत नाही. रक्तदाबाची गोळी अचानक बंद करणं हे कधी कधी न घेण्यापेक्षा वाईट ठरतं.

फडातला दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात. पाचट, धूळ, डोक्यावर मोळी, गाडी भरायला कारखान्याचा निरोप येईल त्या वेळी रात्री-बेरात्री उठायचं. दुखलं तर गोळी. डोकं दुखतंय म्हणून बसून राहिलं तर खाडा पडतो आणि मुकादम पैसे कापतो. या खाड्याच्या भीतीनं किती डोकेदुख्या अंगावर काढल्या जात असतील! झटका येण्याआधी पुष्कळांना एक इशारा मिळालेला असतो. दहा-पंधरा मिनिटं हात बधिर होतो, जीभ जड होते, आणि मग सगळं पूर्ववत. त्याला छोटा झटका म्हणतात आणि पुढच्या दोन दिवसांत मोठा येण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. फडात असा इशारा आलेला माणूस तोंडावर पाणी मारतो आणि पुन्हा कोयता उचलतो.

झटका आल्यावरचं घड्याळ साडेचार तासांचं असतं. १९९५ साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं की तीन तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर अपंगत्व टळू शकतं. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून बाहेर काढण्याचा उपायही सिद्ध झाला आहे, आणि निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो. परिषदेच्या नोंदणीत साडेचार तासांत पोचणारे पाचातला एक होते आणि इंजेक्शन मिळालेले शंभरात पाचही नव्हते.

बीडमध्ये हे तास कुठे जातात? पहिला तास ओळखण्यात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, एक हात वर धरला की खाली पडतो, बोलणं अडखळतं किंवा वेडंवाकडं येतं, यांपैकी एकही अचानक झालं तर तो पक्षाघातच समजून निघायचं, एवढं साधं आहे ते. पण गोंधळ होतो. २०२५ च्या फेब्रुवारीत परळीचे आमदार धनंजय मुंडे यांनी आपल्याला बेल्स पाल्सी झाल्याचं स्वतः जाहीर केलं, तेव्हा जिल्ह्यात घरोघरी या आजाराची चर्चा झाली. बेल्स पाल्सीत फक्त चेहऱ्याची नस सुजते. अर्धा चेहरा कपाळासकट लुळा पडतो, डोळा मिटत नाही, पण हातपाय शाबूत असतात, आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. गावठी औषधानं लकवा बरा झाल्याच्या ज्या कहाण्या सांगतात त्यांतल्या कित्येक या आपोआप बऱ्या होणाऱ्या आजाराच्या असणार. त्या ऐकूनच खऱ्या पक्षाघाताचा रुग्ण पुडी आणायला जातो.

दुसरा तास जवळच्या दवाखान्यात जातो. तिथे सलाईन लावलं जातं, कधी जिभेखाली गोळी ठेवून रक्तदाब झटकन खाली आणला जातो. गुठळीच्या पक्षाघातात हे मेंदूचं उरलंसुरलं रक्तही तोडणं आहे. घरच्यांनी तोंडात पाणी किंवा लिंबूपाणी ओतलेलं असतं. गिळण्याचे स्नायू कमजोर झालेले असतात, पाणी फुप्फुसात जातं आणि आठवड्यानं न्यूमोनियानं माणूस जातो. गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून कोणत्याही डॉक्टरला सांगता येत नाही, त्याला सीटी स्कॅनच लागतो. म्हणून वाटेतला प्रत्येक सीटी नसलेला थांबा हा वाया गेलेला थांबा. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती पक्षाघाताच्या रुग्णाला ‘जवळच्या’ ऐवजी ‘सीटी असलेल्या’ रुग्णालयात नेते की नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

जिल्ह्याचा भूगोलही आडवा येतो. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात उभं राहिलं, आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचा लौकिक आहे, आणि परळी, केज, धारूरच्या माणसाला ते हाताशी आहे. आष्टीच्या माणसाला मात्र त्यापेक्षा अहिल्यानगर जवळ. बीड शहरातून मेंदुविकारतज्ज्ञ, शस्त्रक्रिया म्हटलं की बोट दाखवलं जातं छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तिकडे निघालेला रुग्ण साडेचार तासांत पोचला तरी तपासणी, स्कॅन, पैशांची जुळवाजुळव यांत मुदत संपते.

पण यासाठी प्रत्येक तालुक्यात मेंदुविकारतज्ज्ञ बसवायची गरज नाही, हे देशातच सिद्ध झालं आहे. हिमाचल प्रदेशानं २०१४ च्या सुमारास जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या फिजिशियनना प्रशिक्षण दिलं, औषध मोफत ठेवलं, आणि स्कॅनचं चित्र मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवून त्याच्या सल्ल्यानं इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. आसाममधल्या तेजपूरच्या मिशन रुग्णालयात मेंदुविकारतज्ज्ञ नसताना पक्षाघात विभाग चालवून दाखवला गेला. हिमाचलच्या घाटांपेक्षा बीडच्या बालाघाट डोंगरातले रस्ते सोपे आहेत. शिवाय गुठळी विरघळवणारं औषध आपल्याच राज्यात तयार होतं. टेनेक्टेप्लेज हे एकाच टोचणीत देता येणारं, तुलनेनं स्वस्त औषध पुण्याची जेनोव्हा कंपनी बनवते. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाई या दोन ठिकाणी ते चोवीस तास, मोफत, फ्रिजमध्ये असणं आणि रात्री दोन वाजता स्कॅन काढणारा तंत्रज्ञ जागेवर असणं, ही दोन कामं झाली तरी चित्र बदलेल. माझ्या मते वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या जिल्ह्यानं यात मागे राहण्याला काहीही सबब नाही.

जगलेल्यांचं काय होतं? तरुण बहुतेक जगतात. पण नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या अभ्यासात ५० च्या आत गुठळीचा पक्षाघात झालेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसं पुढच्या वीस वर्षांत गेली, समवयस्कांच्या कितीतरी पट. तो श्रीमंत देश, जिथे गोळ्या आणि तपासण्या थांबत नाहीत. इकडे सहा महिन्यांत गोळ्या बंद होतात, फिजिओथेरपी तालुक्याला, तिथे जायला रोजचं भाडं, आणि भाषा गेली असेल तर ती शिकवणारा माणूस जिल्ह्यात शोधावा लागतो.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, कोयत्याच्या हिशेबानं मिळते. त्यातल्या एकाच्या अंगावरून वारं गेलं की कोयता मोडतो, उचल मात्र पूर्ण फेडायची राहते. दुसऱ्या वर्षी बाई एकटी जाते, अर्ध्या कोयत्यावर, किंवा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून बापाच्या जागी उभा राहतो. मुलगी असेल तर तिचं लग्न उरकलं जातं, कारण जोडी जमली की नवा कोयता. बापाचा न मोजलेला रक्तदाब असा पुढच्या पिढीतल्या बालविवाहापर्यंत जातो. पक्षाघाताच्या कुठल्याही तक्त्यात हा परिणाम मांडायला रकाना नसतो.

राज्यात रक्तदाबावर नेटानं काम झाल्याची उदाहरणं आहेत. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या चार जिल्ह्यांत सुरू झाला. ठरावीक तीनच औषधं, ठरावीक क्रमानं, साठा कधीही न संपू देता, आणि प्रत्येक रुग्णाचं कार्ड. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन ही गोळी अत्यंत स्वस्त आहे. बीडमध्ये या पद्धतीला हंगामाची जोड द्यावी लागेल. गर्भाशयाच्या प्रकरणानंतर ऊसतोड बायकांची जाण्याआधी आणि आल्यावर तपासणी करायची पद्धत जिल्ह्यात आली आहे. तीच पुरुषांनाही लावावी, वयाची अट अठरावर आणावी, आणि ज्याचा रक्तदाब जास्त निघेल त्याच्या हातात सहा महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात, महिन्याच्या नव्हे. कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या वस्तीत, त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य सेविकेनं महिन्यातून एकदा यंत्र घेऊन फिरावं. टोळीतल्या एका तरी माणसाला तोंड, हात आणि बोलणं या तीन खुणा शिकवाव्यात, आणि त्याच्या फोनमध्ये कारखान्यापासून सर्वांत जवळच्या सीटी असलेल्या रुग्णालयाचा नंबर भरून द्यावा. मुकादमाकडे उचलीची वही असतेच. कोयत्याच्या नावापुढे, किती उचल दिली त्याच ओळीत, दोघांचा रक्तदाब लिहायला दोन रकाने पुरतात.